चूक दादांची की आकड्याची?

आज जाऊया १९२४ सालात, अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत. शिकागोजवळच्या तिच्या हॉथॉर्न कारखान्यात टेलिफोनचं सामान बनायचं. तेव्हाची रीत अशी: आधी माल बनवा, मग तपासा, खराब निघेल तो बाजूला काढा.

१६ मे १९२४ ला वॉल्टर शूहार्ट या भौतिकशास्त्रज्ञानं साहेबांना एक पानभर टिपण दिलं. त्यात होता पहिला कंट्रोल चार्ट. शूहार्टचं म्हणणं असं, की फरक प्रत्येक प्रक्रियेत पडतोच. रोजचा फरक कुठला आणि खास कारणानं आलेला कुठला, ते ओळखा. रोजच्या फरकासाठी कामगाराला झापून उपयोग नाही, प्रक्रियाच सुधारावी लागते. हाच शूहार्ट १९४७-४८ मध्ये महालनोबिसांच्या आमंत्रणावरून भारतातही येऊन गेला.

पण प्रक्रिया स्थिर आहे म्हणजे ती पुरेशी चांगली आहे का? तर नाही! त्यासाठी वेगळं माप लागतं. हॉथॉर्नमध्येच १९२४ ला नोकरीला लागलेल्या जोसेफ जुराननं १९७० च्या दशकात ते गुणोत्तर मांडलं: ग्राहकानं दिलेला टॉलरन्स भागिले सहा सिग्मा. हेच सीपी.

आता माझी गोष्ट. बीटेकच्या इंटर्नशिपला भोसरीतल्या एका कारखान्यात होतो. शाफ्टचं माप २० मिमी, टॉलरन्स दोन्हीकडे ०.०५, सिग्मा ०.०१. म्हणजे ०.१० भागिले ०.०६, सीपी १.६७. एकदम झकास! मी ऐटीत रिपोर्ट दिला. मशीनवरचे दादा शांतपणे म्हणाले, "मग हा रिजेक्टचा ढीग कुठून आला रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सीपी फक्त पसारा मोजतं, माप मधोमध आहे का ते बघत नाही. आमची सरासरी होती २०.०४. वरच्या मर्यादेपासून अंतर उरलं ०.०१, ते भागिले तीन सिग्मा, म्हणजे सीपीके फक्त ०.३३. शंभरातले साधारण सोळा शाफ्ट बाद!

सेटिंग शीटवरचा आकडाच चुकला होता. दादा सांगितलं तेच करत होते, आणि रिजेक्शनचा ठपका मात्र त्यांच्यावर. माझ्या १.६७ नं तो आणखी पक्का केला असता, कारण "मशीन उत्तम आहे" याचा अर्थ सगळ्यांनी "माणूस वाईट आहे" असाच लावला असता.

आज कोड लिहितो, तरी डॅशबोर्डवर छान आकडा दिसला की आधी तो ढीग आठवतो. तुमच्याकडेही असा आकडा असेल, तर एकदा मशीनपाशी उभ्या माणसाला विचारा. भेटू पुढच्या भागात!