मुंबईतील भांडवली मूल्याधारित मालमत्ता कर

भांडवली मूल्याधारित मालमत्ता कर ही बृहन्मुंबई महानगरपालिकेने १ एप्रिल २०१० पासून लागू केलेली करआकारणीची पद्धत होय. तीत मालमत्तेच्या बाजारमूल्यावरून कर ठरतो.

पूर्वी मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार मालमत्तेपासून वर्षाला किती भाडे मिळू शकेल, या अंदाजावर, म्हणजेच करयोग्य मूल्यावर, कर बसत असे. वरवर पाहता ही कसोटी न्याय्य होती. परंतु १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली आणि त्यांच्यासोबत करही गोठला. परिणामी दक्षिण मुंबईतील मोक्याच्या जागेवरील प्रशस्त जुन्या घराला उपनगरातील लहानशा नव्या सदनिकेपेक्षा कमी कर पडू शके.

नव्या पद्धतीत मुद्रांक शुल्काचे दरपत्रक (बोलीभाषेत 'रेडी रेकनर'), क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय व वापर यांवरून भांडवली मूल्य काढतात. तथापि घराचे मूल्य वाढले म्हणून निवृत्त मालकाचे उत्पन्न वाढत नाही. ती वाढ घर विकल्यावाचून हाती येत नाही, कर मात्र रोखीनेच भरावा लागतो. २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना करमाफी देण्यात आली. ही माफी मूल्यावर नव्हे, क्षेत्रफळावर बेतलेली असल्याने मलबार हिल आणि गोवंडी येथील लहान सदनिका तीत सारख्याच ठरतात.

जमिनीच्या भावी बांधकामक्षमतेवरही कर आकारण्यास मुभा देणारे नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले. मालमत्ता आज जशी आहे, तसेच तिचे मूल्य धरावे, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला.