चिमूरला ‘ण’ घेऊन जाऊ नका

चिमूर अजून दोन-तीन मैलांवर आहे आणि रस्त्यात एक झाड आडवं पडलंय. वादळानं पडलेलं नाही, कुऱ्हाडीनं पाडलेलं आहे. बुंध्याचा घाव अजून ओला आहे आणि पानं नुसती मलूल झालीत, वाळलेली नाहीत. तुम्ही ते ओलांडता. पुढे दुसरं, त्याच्यापुढे तिसरं. सकाळी नागपूरहून एसटीनं निघालात तेव्हा खिशात मोबाइल होता. तो अजून खिशातच आहे, पण त्याचं ऐकणारं जगात कुणी नाही. आज मंगळवार आहे, १८ ऑगस्ट १९४२.

परवा नागपंचमी झाली. त्या दिवशी चिरू नये, कापू नये, जमीन उकरू नये, असं तुमच्या आजीच्या घरीही पाळत असत. इथे मात्र नेमक्या त्या सणापासून कुऱ्हाडी चालू झाल्या, आणि भाजीवर नाही तर रस्त्यावरच्या झाडांवर. लष्कराच्या गाड्या येऊ नयेत म्हणून.

डाव्या हाताला बांधी आहे, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं धानाचं शेत. गुडघाभर चिखलात चार बायका वाकून रोवना करताहेत. एका हातात पऱ्ह्यांची जुडी, दुसऱ्या हातानं एकेक रोप चिखलात. राज्य उलथलं तरी पऱ्हे थांबत नाहीत. आठवडा चुकला की वर्ष गेलं. तुम्हाला तहान लागली आहे. तुम्ही धुऱ्यावर उभे राहून, पुण्यात शोभेल अशा नम्रपणे विचारता,

“अहो, जरा पिण्याचं पाणी मिळेल का?”

चारही पाठी एकदम सरळ होतात. पाणी कुणी देत नाही. बोलतही नाही कुणी.

तुम्ही मराठीत बोललात, त्याही मराठीच बोलतात. मग झालं काय? झालं ते तुमच्या वाक्यात आहे. एवढ्याशा वाक्यात दोन ‘ण’ आणि एक ‘ळ’! या झाडीपट्टीच्या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘र’, ‘श’चा ‘स’. इथे पानी असतं, डोरे असतात, शेणाचं सेन होतं. आणि मागितलेली वस्तू मिळत नाही, ‘भेटते’. ‘पानी भेटन का’ असं म्हणाला असतात तर वाक्य एखाद्या माणसाचं वाटलं असतं. ‘पिण्याचं पाणी मिळेल का’ हे वाक्य कचेरीचं आहे. असं छापील मराठी इथे मास्तर बोलतो, वकील बोलतो, समन्स वाचून दाखवणारा बोलतो. आणि कचेरीचं परवा काय झालं ते या चौघींना ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्ही ते पुस्तकात वाचलंय.

त्या पुस्तकातलं थोडक्यात. ९ ऑगस्टला मुंबईत गांधी आणि बाकीचे पुढारी पकडले गेले. त्याच्या आगेमागे तुकडोजी महाराजांची भजनं या भागात चालू होती. चिमूर तालुक्यातलंच गोंदोडा ही त्यांच्या तपाची जागा, त्यामुळे महाराज इथल्यांना घरचे. १६ तारखेला सकाळी चिमुरात प्रभातफेरी निघाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गेला. त्यानंतर जमाव आवरला नाही. उपविभागीय अधिकारी, नायब तहसीलदार, सर्कल इन्स्पेक्टर आणि एक शिपाई मारले गेले, डाकबंगला जळला. पुस्तकात हे एका परिच्छेदात येतं, धुऱ्यावर उभं राहिल्यावर येत नाही. त्या बायका तुमच्या पायांतल्या बुटांकडे बघताहेत.

गावाच्या तोंडाशी काठ्या घेतलेले पाच-सहा पोट्टे उभे आहेत. सरकार नावाची चीज दोन दिवस गावात नाही, तेव्हा तेच सरकार.

“कोन्या गावचे तुमी?”

खरं सांगितलं तर पुणं. तुम्ही क्षणभर विचार करता, आणि इथे चूक होते; खऱ्या गावाच्या माणसाला गावाचं नाव आठवावं लागत नाही. मग वाटेत ऐकलेलं सगळं गोळा करून तुम्ही म्हणता, “पुन्याचा आहे जी. पानी भेटन का?”

एक जण हसतो. बाकीचे हसत नाहीत. तुमचा ‘न’ उसना आहे हे लहान पोराच्याही लक्षात येतं. आधीचा साहेबी ‘ण’ निदान तुमचा तरी होता. आता ते एकमेकांत एवढंच म्हणतात: सिआयडी.

परक्या देशात एकटं फिरलेले लोक सांगतात की भाषा येत नसली की माणसं जास्त माया करतात. खुणा करा, तोंडाकडे बोट दाखवा, कुणीतरी हसून ताट पुढे सरकवतं. ते खरंही असेल. परभाषक पाहुणा असतो, त्याच्यापासून कुणाला भय नसतं. पण जो आपली भाषा बोलतो आणि तरी आपल्यासारखी बोलत नाही, त्याची गोष्ट वेगळी. तो कुणाकडून तरी आलेला असतो. मराठीतून मराठीत भाषांतर करणारं ॲप तुमच्या मोबाइलमध्ये असतं, तरी त्याचा इथे उपयोग नव्हता. तुमचा शब्दन् शब्द या पोरांना कळतोय. विश्वास मात्र कशावरच बसत नाहीये.

ते तुम्हाला मारत नाहीत. बालाजीच्या देवळाच्या बाजूला एका घराच्या ओसरीवर बसवून ठेवतात. राखणीला एक आठ-नऊ वर्षांचं पोरगं. ते तुमच्याकडे टक लावून बघतं. शेवटी तुम्हीच खिशातलं पाकीट काढता, दुसरं काही सुचत नाही म्हणून, आणि शंभराची एक नोट त्याच्यापुढे धरता.

पोरानं शंभराची नोट आयुष्यात पाहिलेली नाही. पण त्याचं तोंड उघडं पडतं ते वेगळ्या कारणानं. पैशावर राजाचं तोंड असतं हे त्याला माहीत आहे. या पैशावर टकलू, चष्मेवाला म्हातारा आहे, आणि तो म्हातारा कोण हे चिमुरात पोरालाही सांगावं लागत नाही.

“गांधीबाबा,” पोरगं कुजबुजतं.

नोट उलटी केल्यावर मागच्या बाजूला पंधरा भाषांची उभी पट्टी. पोरगं शाळेत जाणारं दिसतं. ते वरून खाली बोट फिरवतं, बऱ्याचशा अगम्य गिरगोट्यांवरून घसरत बरोब्बर मधोमध, आठव्या ओळीवर थांबतं आणि अक्षर जुळवून वाचतं: शंभर रुपये. त्या पंधरांत आसामी आहे, काश्मिरी आहे, नेपाळी आहे. गावाबाहेरच्या जंगलात आणि पार भामरागडपर्यंत ज्या भाषेत माणसं जगतात ती गोंडी त्यात नाही. पोराच्या घरची बोली तर कुठल्याच नोटेवर येणार नाही. पण हे तुमचं आजचं गाऱ्हाणं झालं. पोरगं खूश आहे. ते तुमच्या जवळ सरकून बसतं. तासाभरात पहिल्यांदाच कुणीतरी जवळ आलंय, आणि तुम्ही तोंडातून एक अक्षर काढलेलं नाही.

तेवढ्यात आतून त्याची माय येते. नोट बघते, तुम्हाला बघते. तिला वाचता येत नसावं, पण चित्र वाचता येतं. ती पोराच्या हातातून नोट ओढून घेते, आत जाते आणि चुलीत घालते. घरात गांधींचं चित्र सापडलं तर काय होईल, हे ती तुमच्यापेक्षा बरोबर ओळखून आहे. बाहेर येताना तिच्या हातात गडवा असतो. पाणी. शंभर रुपयांची राख झाल्यावर मिळालेलं.

रात्री पावसाची भुरभुर आहे. दुरून कुठूनतरी खंजिरी ऐकू येते, थांबते. तुकडोजींची कित्येक भजनं हिंदीत आहेत. इथल्या सगळ्यांना हिंदी कुठे येतं? पण खंजिरी कळते. तेरा वर्षांनी, १९५५ मध्ये, हाच माणूस जपानला विश्वधर्म परिषदेला जाईल. तिथेही त्याची भाषा जाणणारे किती असतील ते देव जाणे. आज महाराज पलीकडे कुठेतरी आहेत, आणि दहा दिवसांनी, २८ तारखेला, चांद्यात पकडले जातील. तुम्हाला सगळ्या तारखा पाठ आहेत. उद्याचीही.

उद्या लष्कर येणार आहे. दोनशे गोरे सोल्जर आणि पन्नास देशी. तुम्ही उठून त्या बाईला सांगता, राखण्या पोट्ट्यांना सांगता, “पळा. आजच निघून जा. उद्या पलटण येतेय.” जमेल तेवढं साधं, जमेल तेवढं खरं.

“तुमाले कसं ठाव?” एक जण शांतपणे विचारतो.

याला काय उत्तर देणार? पलटणीची आधी खबर असलेला माणूस पलटणीचाच असणार. तुम्ही जितकं कळवळून सांगता तितके तुम्ही जास्त सिआयडी होता. परक्या मुलखात भाषा न येणाऱ्याची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे रस्ता विचारणं, असं आपण समजतो. ती अडचण नव्हेच. विचारता येतं. सांगता येत नाही.

१९ तारखेबद्दल मी फार लिहिणार नाही. ते सैनिकही परक्या गावात आले होते, त्यांनाही इथली भाषा येत नव्हती, आणि त्यांना तिची गरज पडली नाही. दारं तोडायला शब्द लागत नाहीत. पुरुष ओढून नेले, शेकड्यांनी. घरं लुटली. बायकांवर अत्याचार झाले. तुम्ही त्या वेळी कुठे होता, ओसरीवर की धानात, हे तुमचं तुम्ही ठरवा. या प्रवासात तुम्हाला पाहण्याचीच मुभा आहे, आणि त्या दिवशी पाहणंसुद्धा बरं नव्हे.

नोव्हेंबर. धान पिवळं पडलंय. पुरुष तुरुंगांत आहेत. त्यांतल्या काहींना फाशी सुनावली जाईल आणि अनसूयाबाई काळ्यांसारख्यांनी सोडवणुकीचा ध्यास घेतल्यावर, १९४५ मध्ये, ती टळेल. गाव बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं उरलंय. मध्यंतरी नागपूरहून बायका येऊन गेल्या, चौकशी करायला. त्यांच्याजवळही ‘ण’ होता. पण त्या ओसरीवर न बसता आत चुलीपाशी गेल्या, आणि गावच्या बायकांना बोलतं करण्याआधी बराच वेळ बसून राहिल्या असणार. कारण जे सांगायचं होतं त्याला बोलीत शब्द असले, तरी ते तोंडातून काढायची रीत नव्हती. तरी बायकांनी सांगितलं. कागदावर उतरताना ‘पानी’चं पुन्हा ‘पाणी’ झालं असेल. सरकारनं त्या कागदांवर चौकशी करायला नकार दिला तो मात्र चांगल्या इंग्रजीत.

आणि मग एक माणूस येतो, तुमच्याहून परका. जयकृष्ण भणसाळी, गुजराती, एकेकाळचा प्राध्यापक, आता सेवाग्रामचा आश्रमवासी. मौनव्रतात चुकून बोलू नये म्हणून याच माणसानं पूर्वी आपले ओठ तांब्याच्या तारेनं शिवून घेतले होते. १ नोव्हेंबरला तो दिल्लीत बापूजी अण्यांच्या दारात जाऊन बसला होता. अणे म्हणजे यवतमाळकडचे, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसणारे. तुम्ही स्वतः चिमूरला चला, एवढंच मागणं. ते झालं नाही तेव्हा तो इकडे आला. ११ तारखेपासून त्याचा उपास सुरू आहे. पोलीस त्याला उचलून सेवाग्रामला नेऊन टाकतात; तो पुन्हा चालायला लागतो.

गाव त्याच्याकडे कसं बघतं ते तुम्ही बघता. त्याचा उच्चार ना झाडीचा ना पुण्याचा. पण कुणी त्याला कोन्या गावचे म्हणून अडवत नाही. त्याला इथून काही न्यायचं नाही, आणि पाणीसुद्धा मागायचं नाही. तुम्ही आल्या आल्या मागितलं होतंत.

उपास ६३ दिवस चालणार आहे. चिमूरची बातमी छापायला बंदी, म्हणून ६ जानेवारी १९४३ ला देशातली बरीच वर्तमानपत्रं निषेधानं एक दिवस निघणारच नाहीत. सगळ्या भाषांतली पत्रं एका दिवसासाठी बिनभाषेची. १२ जानेवारीला सरकार नमेल, बंदी उठेल, भणसाळी उपास सोडतील. तोवर थांबायची तुमची तयारी नाही. परतीची वाट त्याच बांधीवरून जाते.

धान कापणं चाललंय. ऑगस्टमध्ये चौघी होत्या, आज तिघी आहेत. चौथीचं तुम्ही विचारत नाही. तुम्ही धुऱ्यावर बसता, बूट काढून, आणि गप्प राहता. बराच वेळ. त्यांतली एक, पोराची माय, विळा खाली ठेवून येते आणि गडवा पुढे करते. तुम्ही ओंजळ धरता. ती ओतते. पोरगं तिच्या मागे आहे, थोडं वाळलेलं.

“तो गांधीबाबाचा कागद आहे का जी अजून?”

पाकिटात एक विसाची आहे. माय तुमच्याकडे बघते. तुम्ही मान हलवता: नाही.

पोरगं तुमच्या खिशाकडे बघत राहतं.