पहाटेचा कॅमेरा आणि गिरणीचा भोंगा

शहराच्या पहाटेवरील माहितीपटांचा विषय निघाला, की प्रथम नाव येते वॉल्टर रुटमान यांच्या ‘बर्लिन : महानगराची सिंफनी’चे. १९२७ सालचा हा मूकपट पाच अंकांत एक दिवस उभा करतो. आगगाडी बर्लिनमध्ये शिरते. घड्याळात पाच वाजलेले, रस्ते निर्मनुष्य, वाऱ्यावर एक कागद भरकटतो आहे. मग एकेक माणूस दिसू लागतो, त्यांचे लोंढे होतात आणि कारखान्यांची यंत्रे फिरू लागतात. १९२९ साली झिगा व्हर्टोव्ह यांनी ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’मध्ये घरात निजलेली तरुणी आणि बाकावर झोपलेले बेघर एकाच पहाटेत आणले. तीही पहाट एका शहराची नव्हे. कीव, ओदेसा, मॉस्को असे तुकडे जोडून घडवलेली.

हे चित्रपट मालवणात बसून पाहताना मी त्यांच्याशेजारी मुंबई ठेवून पाहतो. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी आम्ही रत्नागिरीतच होतो, आणि मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरीकरांचा भरणा मोठा होता. या चाकरमान्यांची पहाट सूर्यावर नव्हे, भोंग्यावर ठरे. गिरणगावातल्या गाळ्यांत झोपेच्याही पाळ्या असत. रात्रपाळीवाला परतायचा, तोवर दिवसपाळीवाल्याने जागा मोकळी केलेली असे. जे शहर कधी पुरते निजलेच नाही, ते जागे कसे व्हायचे? निर्मनुष्य रस्त्यापासून सुरू होणारी रुटमान यांची चौकट इथे अपुरी पडते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि गिरणगावाचे घड्याळच विस्कटले. पुढे १९८५ मध्ये आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ने झोपड्या पाडल्या जाणाऱ्यांची मुंबई दाखवली. २००१ मध्ये अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांच्या ‘साचा’ने कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या नजरेतून गिरण्यांचे शहर पाहिले. बर्लिनच्या पटात सकाळी यंत्रे सुरू होतात. ‘साचा’त ती थांबल्यानंतरची मुंबई आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की मुंबईची पहाट केवळ पडद्यावर शोधून भागणार नाही. गावी परतलेल्या वृद्ध कामगारांना कितव्या भोंग्याला उठायचे, कितव्याला फाटक गाठायचे, हे अजून सांगता येते. ते टिपून ठेवायचे काम आपल्या वाडीतच आहे आणि त्याला फारशी वर्षे उरलेली नाहीत.