बोरीबंदर ते दादर : शेवटची ट्राम

आमच्या अकोल्यात ट्राम कधी धावली नाही. पण आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत ट्रामचा एक फोटो आहे. पायरीवर दांडा धरून उभा असलेला पंचविशीतला तरुण म्हणजे माझे अब्बा. मशीद बंदरच्या गोदामात ते हमाली करत आणि संध्याकाळी बोरीबंदरहून ट्रामने दादरला खोलीवर जात. गोदामातल्या मुनिमाने नवा कॅमेरा आणला, तेव्हा काढलेला हा फोटो.

न्यूयॉर्कमध्ये १८३२ पासून घोडे रुळांवरून डबे ओढत होते. लोखंडी रुळावर चाक हलके फिरते, त्यामुळे एकदोन घोड्यांनाही भरलेला डबा झेपतो. तीच युक्ती ९ मे १८७४ रोजी मुंबईत आली. कुलाबा ते पायधुणी भाडे होते तीन आणे. लोकांनी गर्दी केली, तसे ते दोन आण्यांवर आले. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली आणि घोडे सुटले. १९२० मध्ये दुमजली ट्राम आली.

१९२६ मध्ये मुंबईत बस आली. तिला रूळ लागत नाहीत. अडथळा आला तर ती वळसा घालते. ट्राम मात्र रस्त्याच्या मधोमध आपल्याच रुळावर. मोटारी वाढल्या, तशी तीच अडथळा वाटू लागली. एकेक मार्ग बंद होत गेला.

३१ मार्च १९६४. शेवटची ट्राम रात्री बोरीबंदरहून दादरला निघाली. निरोपाला माणसांचा पूर लोटला होता. रोजच्या या प्रवाशाला त्या रात्री पायरीवरही जागा मिळाली नाही. ती दिसेनाशी होईपर्यंत अब्बा मागून चालत राहिले.

बसचे तिकीट त्यांना रोज परवडेना. महिनाअखेरीला ते दिवसभर पोती वाहून दादरपर्यंत पायी जात. दादर टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम गेली, नाव राहिले.

२०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनजवळ रस्ता खोदताना जुने रूळ सापडले. ती बातमी मी अब्बांना वाचून दाखवली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘रूळ होतेच का अजून? मग आम्हाला उगाच चालवलं!’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)