एका अक्षराचा वाद

राजघराण्यांच्या वंशावळी इतिहासकार कसोशीने तपासतात. सामान्यांच्या ताटातील पदार्थाला मात्र जन्मपत्रिका नसते. अमेरिकेतील मिनीॲपोलिस शहरात सीडर ॲव्हेन्यू या एकाच रस्त्यावरील दोन पानगृहे अशाच एका पदार्थाच्या जनकत्वासाठी भांडत आली आहेत. त्याचे नाव ‘ज्यूसी ल्यूसी’. गोमांसाच्या खिम्याच्या दोन चकत्यांमध्ये चीज ठेवून कडा मिटवावयाच्या व तो बर्गर तव्यावर भाजावयाचा. पुरणासारखे पोटात कोंडलेले ते चीज वितळून इतके तापते की, उतावळ्याचे तोंड हमखास पोळते.

‘मॅट्स बार’ सांगतो, १९५४ साली एका गिऱ्हाइकाने असा बर्गर मागितला आणि त्याच्याच उद्गारातून नाव निघाले. ‘फाइव्ह-एट क्लब’ हा १९२८ साली, दारूबंदीच्या काळात, चोरटा गुत्ता म्हणून सुरू झाला. जनकत्वाचा दावा त्याचाही आहे. मॅटच्या ‘ज्यूसी’त इंग्रजी ‘आय’ हे अक्षर गळलेले आहे आणि तीच चूक तो अस्सलपणाची मुद्रा म्हणून मिरवतो. २०१४ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा तेथे जेवून गेले, तरी वाद मिटला नाही.

श्रोतेहो, स्वयंपाकघरे दप्तर ठेवीत नाहीत. पानगृहांची नावे राहिली. ज्याच्या भुकेने हा पदार्थ सुचविला असे सांगतात, तो गिऱ्हाईक मात्र त्या कथेत निनावीच आहे.