खुशी वेगळी, मजुरी वेगळी

हॉटेलात पोऱ्याच्या हातावर आपण पाच-दहा रुपये ठेवतो, ती खुशी. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी बलुतेदारांना खळ्यावर धान्य मिळे. ते वर्षभराच्या कामाचं मोल. पण देणाऱ्यानं हात आखडला की घरात चूल थंड.

जळकोट निजामाच्या राज्यात होतं, तेव्हा १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं विधेयक मांडलं : कामं ठरवा, मोबदला रोख द्या. १९४८ साली किमान वेतन कायदा झाला. २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं, हॉटेलानं सेवा शुल्क सक्तीनं घेऊ नये.

आम्ही एवढंच म्हणतो : लग्नात पंगत वाढणाऱ्या बायांची मजुरी आधी ठरवू. खुशी त्यावर, मजुरीतून कापून नव्हे.