नस्तालीक, बालबोध आणि न उघडणारी सीडी

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शाळेच्या कार्यालयातलं कपाट आवरताना एक सीडी सापडली. तिच्यावर काळ्या मार्करने 'स्मरणिका १९९८' असं लिहिलेलं होतं. शाळेच्या त्या स्मरणिकेत अब्बांचा लेख होता. अब्बा त्याच शाळेत शिक्षक होते आणि आज मीही तिथेच उर्दू आणि मराठी शिकवतो. स्मरणिकेच्या उरलेल्या छापील प्रती एका पावसाळ्यात गळक्या खोलीत भिजून गेल्या होत्या. घरची प्रत कुणीतरी वाचायला नेली, ती परत आली नाही. अब्बांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यामुळे ती सीडी हातात आली तेव्हा मला काय वाटलं असेल, हे वाचकांना सांगायला नको.

पण सीडीवरची फाइल उघडली आणि निराशा झाली. मराठी पानांवर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. उर्दू पानांची फाइल तर कोणत्याच सॉफ्टवेअरात उघडेना. माझा एक जुना विद्यार्थी आता टायपिंग आणि छपाईचं दुकान चालवतो. त्याने फाइल पाहिली आणि म्हणाला, "सर, फाइल बिघडलेली नाही. ती ज्या सांकेतिक भाषेत लिहिली आहे, ती या संगणकाला येत नाही, इतकंच."

त्याच्या या वाक्याने मी विचारात पडलो. आपण गेली तीसेक वर्षं जे लिहिलं, छापलं, जपून ठेवलं असं मानलं, त्यातलं किती असं बंद पडलं असेल? हे का झालं आणि आता काय करता येईल, ते या लेखात सांगतो. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

शिळा, खिळे आणि दोन लिप्या

मराठीच्या दोन लिप्या होत्या. दफ्तरात मोडी आणि पोथीत बालबोध. १८०५ साली श्रीरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापलं गेलं. पुढे मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने या खिळ्यांना देखणं रूप दिलं. छपाईने बालबोध उचलली आणि मोडी हळूहळू मागे पडली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती व्यवहारात होती, आज मात्र आजोबांचं खरेदीखत वाचून घ्यायला जाणकार शोधावा लागतो. लिपी वाईट होती म्हणून असं झालं नाही. यंत्राने तिला सोबत नेलं नाही, म्हणून झालं.

उर्दूच्या नस्तालीक लिपीवरही हीच वेळ येऊ शकली असती. नस्तालीकमध्ये अक्षर शेजाऱ्याला पाहून रूप बदलतं आणि शब्द वरून खाली तिरका उतरत येतो. सुटे खिळे ओळीत बसवून ही चाल साधणं फार अवघड. अरबीसाठी वापरतात ती नस्ख लिपी खिळ्यांत बसते, पण उर्दू वाचकाच्या डोळ्याला ती परकी वाटत राहिली. नस्तालीकला तारलं ते शिळाछापाने. कातिब खास शाईने कागदावर लिहायचा, ते दगडावर उतरायचं आणि दगडावरून छापलं जायचं. मुंबईत एकोणिसाव्या शतकात फारसी आणि उर्दू पुस्तकं याच रीतीने मोठ्या संख्येने निघाली. लखनौला मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ साली छापखाना काढला. उर्दू, फारसी, अरबी आणि संस्कृत ग्रंथांबरोबर त्यांनी कुरआन शरीफही छापलं. आपला एवढा मोठा वारसा एका हिंदू मुन्शींच्या छापखान्याने जपला, हे मी वर्गात मुलांना नेहमी सांगतो.

शिळाछाप गेला, ऑफसेट आलं, पण कातिब राहिला. रोजचं वर्तमानपत्रही हाताने लिहिलं जायचं. चेन्नईत १९२७ साली सुरू झालेल्या 'मुसलमान' या दैनिकाने तर कातिबांची ही परंपरा एकविसाव्या शतकातही चालू ठेवली.

कराचीची अक्षरं, दिल्लीचं सॉफ्टवेअर

नस्तालीकचा प्रश्न संगणकावर सुटला तो कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांच्यामुळे. अक्षरं सुटी जोडत बसण्याऐवजी त्यांनी अख्खे अक्षरसमूहच हाताने लिहिले. असे अठरा-वीस हजार जोड! इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीने ते यंत्रात बसवले. वडील नूर अहमद यांच्या नावावरून या टंकाला 'नूरी नस्तालीक' म्हटलं गेलं. १९८१ साली 'जंग' या दैनिकाची लाहोर आवृत्ती या टंकात निघाली.

पण ते यंत्र महाग होतं. गल्लीतल्या दुकानापर्यंत नस्तालीक पोचली ती १९९४ साली, दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअर या कंपनीने 'इनपेज' आणलं तेव्हा. त्यात हेच नूरी टंक होतं. म्हणजे अक्षरं कराचीची, यंत्रविद्या इंग्लंडची आणि सॉफ्टवेअर दिल्लीचं. सीमेच्या दोन्ही बाजूंची वर्तमानपत्रं, पुस्तकं आणि लग्नपत्रिका त्यावर निघू लागल्या.

मराठीची गोष्टही याच सुमाराची. १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण ठरलं आणि सगळ्या भारतीय लिप्यांना सारखी बसणारी इनस्क्रिप्ट कळरचना आली. पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीचं श्रीलिपी आलं. कृतिदेव, आकृती अशी टंकं घरोघरी पोचली.

कुलूप कुठे लागलं?

संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. कोणत्या क्रमांकाला कोणतं अक्षर, हे आधी ठरलेलं असावं लागतं. जुन्या मराठी टंकांनी सोपी वाट काढली. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकावरच मराठी अक्षराचं चित्र बसवलं. टंक असेल तर 'क' दिसतो, नसेल तर खालचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. शिवाय प्रत्येक टंकाचा हिशेब वेगळा. उर्दूतही जुन्या फाइलींचे संकेत त्या त्या सॉफ्टवेअरपुरते खासगी होते.

यावर उत्तर म्हणून १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक. देवनागरी आणि उर्दूची मूळ अरबी लिपी, दोन्ही त्यात पहिल्यापासून आहेत. विंडोज २००० पासून संगणकात मराठीची सोय आली. २००८ साली 'जमील नूरी नस्तालीक' हे युनिकोड टंक फुकट उपलब्ध झालं. २०१२ साली विंडोज ८ सोबत नस्तालीक टंक आलं. २०१७ साली आयफोनवरही उर्दू नस्तालीकमध्ये दिसू लागली. मोडीलाही २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली. उशिरा, पण मिळाली.

मग आपली फाइल बंद का? कारण वाट खुली झाल्यावरही आपण चाललो नाही. इथे एक कबुली देतो. आमच्या भागात त्या काळी जवळपास सगळीकडे सॉफ्टवेअरच्या चोरून उतरवलेल्या प्रती चालत. मीही त्यावरच शिकलो. चोरीच्या प्रतीला नवी आवृत्ती मिळत नाही, कुणाला मदत मागता येत नाही. दुसऱ्याच्या मेहनतीचा हक्क बुडवला, हे तर झालंच. पण त्याची किंमत आपणही मोजली. जुन्याच प्रतीवर वर्षानुवर्षं अडकून राहिलो आणि फाइली जुन्याच संकेतात साचत गेल्या. स्मरणिकेच्या बाबतीत दोष दुकानदाराचा नाही, सॉफ्टवेअरचाही नाही. सीडी कपाटात ठेवली आणि काम झालं असं आम्ही मानलं, हा दोष आमचा.

आता काय करावं

शिक्षक आहे, त्यामुळे गृहपाठ दिल्याशिवाय राहवत नाही. स्मरणिकेच्या खटपटीत जे शिकलो, ते इथे मांडतो.

१. जुनी फाइल मिळाली की आधी तिची नक्कल करा. सगळे प्रयोग नकलेवर. सीडी आणि जुने पेनड्राइव्ह आज चालतात, उद्याची खात्री नाही. नक्कल किमान दोन ठिकाणी ठेवा.

२. उर्दू फाइल इनपेजची असेल तर नव्या, युनिकोड येणाऱ्या आवृत्तीत उघडून मजकूर बाहेर काढता येतो. इनपेजचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तकही मिळतात. बदललेल्या मजकुरात आकडे आधी तपासा, कारण ते कधीकधी उलटे होतात. नंतर हमजा आणि शब्दांमधली मोकळी जागा पाहा.

३. मराठी फाइलीत टंकाचं नाव शोधा. त्याच टंकाचा परिवर्तक लागतो, दुसऱ्याचा चालत नाही. बदलल्यावर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांत तेल घालून तपासा. चुका तिथेच होतात.

४. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत गफलत करू नका. पहिला फारसीतून आलेला समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. इनस्क्रिप्टवर शिफ्टसह जे दाबलं की 'ऱ' मिळतो, पुढे हलन्त आणि 'य' जोडायचा.

५. उर्दू लिहिताना उर्दूचाच कीबोर्ड निवडा, अरबीचा नको. अरबी 'ये' आणि 'काफ' दिसायला जवळचे असले तरी त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. यादीत 'कुरैशी' डोळ्यांना दिसतं, पण शोध घेतला की सापडत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

६. वर्डमध्ये उर्दू वाक्याचा पूर्णविराम भलतीकडे उडी मारतो, कारण परिच्छेदाची दिशा डावीकडून उजवीकडे असते. कंट्रोल धरून उजवीकडची शिफ्ट दाबली की दिशा बदलते, डावीकडची शिफ्ट दाबली की परत येते. त्यासाठी उर्दूचा कीबोर्ड जोडलेला असावा. प्रश्नपत्रिकेत दोन्ही भाषा असतील तर प्रत्येकीला स्वतंत्र परिच्छेद किंवा तक्त्याचा स्वतंत्र रकाना द्या.

७. फाइल दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ करा. वर्डचीच हवी असेल तर पर्यायांमध्ये 'सेव्ह' या भागात टंक फाइलीतच बसवण्याची सोय आहे, ती चालू करा.

८. नव्याने टाइप करायचं तर आता इंग्रजी अक्षरं वापरूनही मराठी लिहिता येतं. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठीचा तसा कीबोर्ड आहे. फोनवर गूगलने २०१७ साली मराठी आणि उर्दू दोन्हींचं बोलून टायपिंग सुरू केलं. घरातल्या बुजुर्गांच्या आठवणी लिहून घ्यायला याहून सोपा मार्ग नाही. मजकूर नंतर तपासावा लागतो, एवढंच.

९. शाळेचे दाखले, आधार क्रमांक, निकाहनामे असली कागदपत्रं इंटरनेटवरच्या अनोळखी परिवर्तकात टाकू नका. ते काम स्वतःच्या संगणकावर करा.

अब्बांचा लेख

विद्यार्थ्याने आणि मी मिळून दोन आठवडे संध्याकाळी बसून ती स्मरणिका सोडवली. मराठी भाग आधी निघाला. उर्दू भागात अब्बांचा लेख होता. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की 'सन २७९१' मध्ये मोठा दुष्काळ पडला. क्षणभर काही कळेना, मग हसू आलं. आकडा उलटा झाला होता. १९७२ चा दुष्काळ!

लेखात अब्बांनी लिहिलं होतं, की त्या वर्षी उर्दू शाळेची विहीर आटली आणि मराठी शाळेच्या विहिरीला थोडं पाणी होतं. तिथल्या गुरुजींनी स्वतः येऊन सांगितलं, "मुलांना तहानलेलं ठेवू नका, आमच्याकडे पाठवा." रोज दुपारी आमच्या शाळेची मुलं रांगेत तिकडे जायची. त्या रांगेत जाताना अब्बा मुलांना मराठी कविता पाठ करायला लावत. ही गोष्ट मी अब्बांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. गावातही आज कुणाला ठाऊक नाही. त्या गुरुजींच्या मुलाला मी मजकुराची मराठी प्रत नेऊन दिली. तो बराच वेळ काही बोलला नाही.

गावागावांत अशा स्मरणिका आहेत, जमातीचे अहवाल आहेत, मुशायऱ्यांचे गुलदस्ते आहेत, कुणाच्या मरहूम वालिदांच्या गजला आहेत. आपण इथले आहोत, इथल्यांबरोबर जगलो, याची साक्ष त्यांत आहे, आणि ती उर्दूतही आहे, मराठीतही आहे. उद्या कुणी विचारलं की तुमचा इथला इतिहास दाखवा, तर न उघडणारी सीडी पुढे करून चालणार नाही.

या सुट्टीत घरातलं, शाळेतलं, मशिदीच्या कार्यालयातलं एक कपाट उघडा. एक फाइल सोडवा. एकच. बदललेला मजकूर आधी कुणा बुजुर्गांना वाचून दाखवा, आणि आकडे उलटे झाले नाहीत ना, तेवढं तपासून घ्या.